आधी बोलणं कळू द्या, मग दणका



दिवाळी जवळ आली किंवा कापसाचे पैसे हातात आले की घरोघरी एक विषय हमखास निघतो. टीव्ही तर मोठा घेतला, आता आवाजाचं काहीतरी करू. मग मुलं मोबाइलवर होम थिएटरचे फोटो दाखवू लागतात, घरातले पुरुष मलकापूर नाहीतर बुलढाण्याच्या दुकानात चौकशी करून येतात, आणि आपल्याला विचारलं जातं ते शेवटी, "हा डबा ठेवायचा कुठे?" एवढंच.

माझं मत असं आहे की हा निर्णय घरातल्या बाईने घ्यायला हवा. महिन्याचा हिशोब आपण ठेवतो, वायरीखालचा केर आपण काढतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने टीव्हीसमोरून उठून आत जायला सुरुवात केली की ते सगळ्यात आधी आपल्याच लक्षात येतं. दुसरं मत त्याहून सरळ आहे. पैसे मोजके असतील तर ते बोलणं स्पष्ट ऐकू येण्यासाठी खर्च करा, दणक्यासाठी नको.

आमच्या घरी बोलणं निघालं ते सासूबाईंमुळे. चोविहारामुळे आमची जेवणं दिवेलागणीच्या आत आटोपतात आणि मग सातनंतरचा वेळ सगळे एकत्र बसण्याचा. सासूबाईंना प्रवचन ऐकायचं असतं, थोड्या बातम्या, एखादी मालिका. गेल्या वर्षभरात त्या हळूहळू लवकर उठू लागल्या. विचारलं की म्हणायच्या, "आवाज येतो गं, पण काय बोलतात ते कळत नाही." मुलाचं म्हणणं, आवाज वाढवू. वाढवला तर जाहिरात लागली की सगळे दचकायचे, आणि बोलणं तरीही कळायचं नाही.

यात सासूबाईंचा दोष नाही आणि पूर्ण दोष टीव्हीचाही नाही. आठवा, १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा गल्लीत एखाद्या घरीच टीव्ही असायचा आणि ओसरीपर्यंत माणसं बसायची. तरी मागच्याला संवाद कळायचे. त्या वेळच्या टीव्हीचं पोट मोठं होतं, त्यात स्पीकर नीट मावायचा आणि पुष्कळ सेटांत त्याचं तोंड आपल्याकडे असायचं. आताचा टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीसारखा पातळ. त्यात बोटभर स्पीकर बसवतात आणि बहुतेक वेळा त्यांचं तोंड खाली नाहीतर मागे भिंतीकडे असतं. चित्र दरवर्षी सुधारत गेलं, आवाजाला जागाच उरली नाही.

दुसरी गोष्ट कानाची. वय वाढतं तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. अ, आ, ओ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, थ, त यांसारखी व्यंजनं बारीक असतात, ती निसटतात. म्हणून "आवाज येतो पण कळत नाही" ही तक्रार अगदी खरी असते. अशा माणसासमोर नुसता आवाज वाढवला की जाड आवाज आणखी जाड होतो आणि बारीक अक्षरं त्याखाली दबतात. वर धडधडणारा मोठा सबवूफर लावला तर विचारूच नका. त्यामुळे घरातलं माणूस साठीच्या पुढचं असेल तर पहिला खर्च कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कानाची तपासणी करून घेण्याचा. कानात मळ साठला असेल किंवा श्रवणयंत्राची गरज असेल, तर कुठलाही साउंडबार ते काम करणार नाही.

आता फुकट करता येण्यासारखं आधी करून पाहू. टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंडचा भाग उघडा. त्यात बहुधा 'स्टँडर्ड', 'सिनेमा', 'म्युझिक' यांच्या बरोबर 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' अशा नावाचं काहीतरी असतं. ते लावून पाहा. जाहिरातींनी दचकायला होत असेल तर 'ऑटो व्हॉल्यूम' चालू करा. मोबाइलच्या ॲपसारखी जी ॲपं टीव्हीवर असतात, त्यांतल्या काहींत आवाजासाठी '५.१' आणि 'स्टिरिओ' असे दोन पर्याय येतात. टीव्हीला फक्त दोनच स्पीकर असतील तर स्टिरिओ निवडा, संवाद थोडे पुढे येतात.

मग खोलीकडे पाहा. आपल्या बैठकीच्या खोल्यांत खाली गुळगुळीत फरशी, चार उघड्या भिंती आणि कित्येक घरी वर पत्रे. तिथे आवाज आदळून परत येतो आणि एक अक्षर दुसऱ्यावर चढतं. याची एक गंमतीची हकिगत आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात वक्ता काय बोलतो तेच कळेना. एक शब्द पाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. १८९५ साली वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे काम दिलं गेलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या व्याख्यानगृहात मांडल्या, आणि किती गाद्या ठेवल्या की घुमणं किती कमी होतं हे मोजलं. आज सभागृहांचा आवाज ज्या शास्त्राने ठरवतात त्याची सुरुवात अशी गाद्यांपासून झाली. आपल्या घरी गाद्या, तक्के, सतरंज्या, गोधड्या यांना काय कमी? टीव्हीच्या आणि बैठकीच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, समोरच्या भिंतीशी गोधड्यांची चवड किंवा पुस्तकांचं कपाट येऊ द्या. आमच्याकडे एवढं केल्यावरच निम्मा फरक जाणवला. खर्च शून्य.

आणि एक. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालायची आपली जुनी हौस. तो स्पीकरच्या जाळीवर येत असेल तर काढून ठेवा. शोकेसच्या खणात आत ढकललेला स्पीकरही असाच घुसमटतो. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढून ठेवावा.

एवढं करूनही कमी पडत असेल तरच पैशाचा विचार. इथे मी माझी बी.कॉम.ची पाटी थोडी घासते. आमचं ठरलेलं बजेट १५,००० रुपये. मुलाला हवा होता पाच स्पीकर आणि सबवूफरचा सेट. मी त्याला वहीवर मांडून दाखवलं. घरात रोज साधारण दोन तास टीव्ही चालतो, तो बोलण्याचा. प्रवचन, बातम्या, मालिका. वर्षाचे झाले ७३० तास. ज्यात मागून गाड्या धावतात, डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं असे सिनेमे आम्ही महिन्यातून दोन पाहतो. अडीच तासांचा एक धरला तर वर्षाला ६० तास. आता पैसे ७३० तासांसाठी लावायचे की ६० तासांसाठी? मागचे दोन स्पीकर वर्षातले बाकीचे सगळे दिवस नुसते धूळ खाणार. दुकानदार मालाचा साठा लावताना जे खपतं ते पुढे ठेवतो. आपणही तसंच करावं.

आता ते आकडे समजून घेऊ, म्हणजे दुकानात कोणी गोंधळवणार नाही. २.१, ३.१, ५.१ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा स्पीकरच्या वाटांचा आणि टिंबानंतरचा १ म्हणजे सबवूफर, जाड आवाजाचा डबा. २.१ मध्ये डावा आणि उजवा. ३.१ मध्ये त्या दोघांच्या मधोमध आणखी एक, त्याला सेंटर म्हणतात. ५.१ मध्ये शिवाय मागचे दोन. सिनेमातले बहुतेक संवाद त्या मधल्या सेंटरमधून येतात, म्हणून बोलण्यासाठी तोच खरा कामाचा. नुसत्या दोन स्पीकरांनीही आवाज मधून आल्यासारखा वाटतो, पण तो जो बरोबर मध्यभागी बसला असेल त्याला. आपल्या एकत्र कुटुंबात मध्यभागी कोण बसतं? नातवंडं. सासूबाई पाठ टेकायला भिंतीशी, आपण स्वयंपाकघराच्या दाराशी. बाजूला बसणाऱ्याला खराखुरा मधला स्पीकर फार उपयोगी पडतो. म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर ३.१ चा साउंडबार घ्यावा. नसेल बसत, तर दोन चांगले, समोर तोंड असलेले स्पीकर किंवा साधा साउंडबार. सहा स्वस्त स्पीकरांपेक्षा दोन-तीन चांगले केव्हाही बरे.

तिसरा आकडा, ५.१.२ मधला २, हा वरून येणाऱ्या आवाजाचा. याला डॉल्बी ॲटमॉस म्हणतात, २०१२ पासून सिनेमागृहांत आला. घरच्या बारमध्ये वर तोंड केलेले स्पीकर असतात, त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यावा अशी योजना असते. त्यासाठी छत सपाट आणि टणक लागतं. उतरत्या पत्र्याखाली किंवा लाकडी आढ्याखाली ते नीट जमत नाही. आपल्या छताला न लागू पडणाऱ्या सोयीचे पैसे कशाला द्यायचे?

वॉटचा आकडा हा सगळ्यात मोठा भुलावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजारो वॉट पीएमपीओ लिहिलेलं असेल तर त्याकडे बघूच नका, त्या आकड्याला काही नेम नसतो. आरएमएस वॉट किती ते विचारा. आणि हेही लक्षात ठेवा की वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटने जेमतेम ३ डेसिबल वाढतात, कानाला थोडासाच फरक. कानाला दुप्पट वाटण्यासाठी दहापट शक्ती लागते. दहा बाय बाराच्या आपल्या खोलीत बोलणं ऐकायला थोडेच वॉट पुरतात.

जोडणीचं एकदाच समजून घ्या. टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचा असतात. त्यांतल्या एकीवर 'एआरसी' लिहिलेलं असतं. साउंडबार त्याच खाचेत जोडायचा. मग टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की बारही बंद. सासूबाईंना दोन रिमोट सांभाळायला लावू नका, ही सोय माझ्या मते हजार रुपयांची आहे. जुन्या टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल नावाची चौकोनी खाच पाहा. तीही चालते, फक्त रिमोट वेगळा लागतो. ब्लूटूथने टीव्ही जोडायचं शक्यतो टाळा, आवाज थोडा मागे राहतो आणि ओठ आधी हलतात.

कपाटावर जुनी म्युझिक सिस्टीम पडून असेल, मोठ्या लाकडी स्पीकरांची, तर नवं काही घ्यायच्या आधी तिच्याकडे बघा. तिच्या मागे लाल-पांढऱ्या खाचा किंवा 'ऑक्स' असतं. टीव्हीत तशी खाच नसेल तर ऑप्टिकलचा आवाज त्या खाचेत जाईल असा रूपांतर करणारा एक छोटा डबा मिळतो, तो साउंडबारच्या मानाने खूपच स्वस्त पडतो. आधीच घरात असलेल्या वस्तूला कामाला लावणं यासारखा हिशोब नाही. आपल्या परिग्रह-परिमाणालाही ते धरूनच आहे.

दुकानात जाताना घरातलं कोण जाणार? ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांनाच न्या. सासूबाईंना मलकापूरपर्यंत नेणं जमत नसेल तर त्यांना आवडणारं प्रवचन मोबाइलमध्ये घेऊन जा आणि तेच लावायला सांगा. दुकानदार नेहमी दणदणीत गाणं लावून दाखवतो, त्यात सगळेच सेट छान वाटतात. आवाज अगदी हळू ठेवायला सांगा. हळू आवाजात जो शब्द सोडत नाही तो चांगला. दोन सेटांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जो मोठा वाजतो तो आपल्या कानाला उगाच चांगला वाटतो. मग समोरून उठून बाजूला जाऊन बसा आणि पुन्हा ऐका. एकाच माणसाच्या तोंडून अनेक पात्रं येतात असं काही लावलं तर फार छान कळतं. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटेच ५२ पात्रं उभी करायचे, तसं काहीतरी. प्रत्येक पात्र वेगळं ओळखू आलं पाहिजे. शेवटी 'सैराट'सारख्या सिनेमातला असा तुकडा लावा ज्यात मागे मोठा वाद्यवृंद आणि पुढे संवाद आहेत. संगीताने शब्द गिळले तर तो सेट परत ठेवा.

आता ज्या गोष्टी फक्त आपल्यालाच सुचतात त्या सांगते. मागच्या स्पीकरांच्या वायरी भिंतीकडेने, दारातून, जमिनीवरून जातात. रोज त्यावरून केरसुणी फिरणार, म्हातारं माणूस अडखळणार. शिवाय उंदीर. आपल्याकडे उंदराला औषध घालायचं नाही, मग त्याच्या वाटेवर वायर तरी कशाला पसरायची? बारच्या मागे कोळी आणि बारीक जीव घर करतात, म्हणून तो थोडा पुढे, हाताला लागेल असा ठेवा आणि मऊ पूंजणीने पुसा. विजेचा दाब आपल्याकडे वर-खाली होतो, म्हणून स्पाइक गार्ड बजेटमध्येच धरा. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायचा.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. जुन्या वस्तीत आपली भिंत तीच त्यांची भिंत. बोलण्याचा आवाज भिंत अडवते, सबवूफरची धडधड अडवत नाही, ती थेट पलीकडे जाते. पलीकडे कोणी सामायिकाला बसलेलं असतं, कोणाची बारावी असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण नियम कशाला, शेजारधर्म पुरे. सबवूफर घेतलाच तर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून लांब ठेवा, आणि रात्री नाइट मोड लावा. लहान मुलांच्या कानाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल एवढी मर्यादा सांगते.

पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख घ्या, आणि सेवाकेंद्र जवळ कुठे आहे ते विकत घेण्याआधी विचारा. ते मुंबई-पुण्यालाच असेल तर दोन हजारांची सूट घेऊन काय करायचं? तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर वहीत लिहून ठेवा.

माझ्या १५,००० चा हिशोब असा बसला. बारसाठी ११,०००, केबल आणि स्पाइक गार्डला १,०००, जाड पडद्याला १,५००, आणि १,५०० शिल्लक. बार असा निवडला की पुढे कधी वाटलं तर त्याच कंपनीचे मागचे स्पीकर जोडता येतील. म्हणजे मुलाची हौस नाकारली नाही, पुढच्या वर्षांवर टाकली. त्यालाही ते पटलं. तरुण मुलांना सिनेमाची मजा हवी असते, ती काही वाईट गोष्ट नाही. पण घरात रांग असते, आणि रांगेत पुढे तो ज्याचं अडलंय.

काहीजणी सुचवतात की म्हाताऱ्या माणसाला वेगळा हेडफोन द्यावा, स्वस्तात काम होतं. रात्री एकट्याने ऐकायला ठीक आहे. पण संध्याकाळी सगळ्यांत बसलेल्या माणसाच्या कानाला डबी लावली की ते शरीराने तिथे आणि मनाने वेगळे. मध्येच नातू काही बोलला, सून हसली, ते त्यांना कळत नाही. आपण आवाजासाठी खर्च करतो तो त्यांनी आपल्यात राहावं म्हणून. त्यामुळे माझं मत हेडफोनच्या बाजूने नाही.

तुमच्या घरी हा विषय निघाला की आधी वहीत दोन ओळी लिहा. रोज काय ऐकतो, आणि कोणाला ऐकू येत नाही. त्या दोन ओळींवरून काय घ्यायचं ते बहुतेक ठरून जातं. आमच्याकडे सासूबाई आता प्रवचन संपेपर्यंत बसतात आणि मध्ये मध्ये मला एखादा मुद्दा समजावूनही सांगतात. बारचा आवाज ज्या आकड्यावर असतो तो पूर्वी टीव्हीवर ठेवायचो त्याच्या निम्माही नाही.

जय जिनेंद्र.